गफूरभाई आणि विलायतेतला बॉयलर

गफूरभाई माणसं टनात मोजतात.

वजनाच्या टनात नव्हे, एसीच्या. आमच्या ऑफिसातला इंग्रज मॅनेजर एकदा काही कागद द्यायला आमच्या इमारतीखाली आला होता. लिफ्टपाशी त्याची आणि गफूरभाईंची जेमतेम हात मिळवण्यापुरती गाठ पडली. तो पाठमोरा झाल्याबरोबर गफूरभाईंनी निकाल दिला, "वहिनी, बाहेरून तीन टनाचा दिसतो. आत पाऊण टनाचा कॉम्प्रेसर आहे. आवाज फार, गारवा नाही." पुढे वर्षभर त्या मॅनेजरने हा निकाल खोटा ठरवण्यासाठी काहीही केलं नाही.

आमच्या यजमानांना त्यांनी दीड टन दिले आहेत, "पण थर्मोस्टॅट अडकलेला. एकदा नको म्हणाले की नकोच." मी मोठ्या आशेने माझंही माप विचारलं होतं. "तुम्ही एक टन," ते म्हणाले. माझा पडलेला चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाले, "पण थ्रो! थ्रो जबरदस्त! तुम्ही इकडे बोललात की तिसऱ्या फ्लॅटच्या भिंतीला जाऊन लागतं."

आणि हलीमाभाभी? म्हणजे गफूरभाईंची बायको? "ती सेंट्रल," ते हळूच म्हणाले. "प्लँट कुठे बसवलाय ते मला अजून सापडलं नाही. पण घरभर टेंपरेचर तिचंच."

गफूरभाई मुकादम मूळचे दापोलीकडचे. शारजात, अल नहदाला, आमच्या दारासमोरचं दार त्यांचं. आमच्या बाल्कनीतून समोरचा रस्ता दिसतो आणि रस्त्यापलीकडे दुबई. नोकरी पलीकडे, भाडं अलीकडचं, आणि मधल्या ट्रॅफिकमध्ये आयुष्य, असा इथल्या सगळ्यांचा हिशेब. गफूरभाई रोज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंत गाडी हाकत जातात. तिथल्या एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत ते सुपरवायझर. शेखच्या व्हिलापासून कामगारांच्या कँपापर्यंत त्यांनी हात लावला नाही असा एसी या भागात शोधावाच लागेल.

कोणाच्याही घरी गेले की सलाम-नमस्काराच्या आधी त्यांचा तळहात एसीच्या झरोक्यापुढे जातो. डोळे मिटतात. वैद्याने नाडी बघावी तशी ते हवा बघतात. "फिल्टर," एवढंच म्हणतात, आणि घरमालकीण ओशाळते. आमच्या गणपतीला तर ते आरतीला उभे असतात ते हात जोडून, पण नजर रिमोटवर. माणूस वाढला की एक आकडा खाली. "वहिनी, एवढी माणसं, वर समया, वर कापूर. बाप्पाला घाम येतोय." मोदक खाऊन पाहुणे पांगले की पुन्हा आकडा वर. त्यांचं तत्त्वच आहे: "जितकी माणसं, तितकं मशीन. बस्स."

या तत्त्वासाठी त्यांनी बड्याबड्यांशी वैर घेतलंय. एका व्हिलाच्या मालकाला झोपायच्या खोलीत पाच टनी एसी हवा होता. गफूरभाईंनी साफ नाही म्हटलं. "हबीबी, मोठं मशीन म्हणजे मोठा गारवा नाही. मोठं मशीन धावतं, थांबतं, धावतं, थांबतं. खोली दमट राहते आणि बिल चढतं. दोन माणसं झोपता ना? की वऱ्हाड आहे?" मालक तापला, गफूरभाई तापले, आणि शेवटी दोन टन लागले. तो मालक पुढे दर रमजानला त्यांना खजुराची पेटी पाठवायचा.

गरम पाणी हा विषय मात्र गफूरभाईंच्या लेखी अगदीच पोरखेळ होता. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की गार पाण्याच्या नळाखाली हात धरला तर चटका बसतो. मग आम्ही सगळे काय करतो, तर गीझर बंद करून ठेवतो. त्यात साठलेलं पाणी घरातल्या एसीमुळे निवतं, आणि लाल खुणेच्या नळाला अंघोळीचं गार पाणी येतं. नव्याने आलेल्या कोणाला हे कळत नाही आणि तो पहिल्याच दिवशी न्हाणीघरात बोंब मारतो. आमच्या मजल्यावरच्या अशा प्रत्येक बोंबेला गफूरभाई पंचा लावून धावत गेलेले आहेत. "लालवाला! लालवाला खोल!" ही त्यांची दाराबाहेरची आरोळी मी स्वतः पहिल्या उन्हाळ्यात डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत ऐकली आहे.

तर असा हा माणूस. आणि एके दिवशी रुबिनाचा बॉयलर खोकायला लागला.

रुबिना ही गफूरभाईंची एकुलती एक मुलगी. शारजातच वाढली. लग्न झाल्यावर इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका लहान गावात गेली. नवरा आदिल, आणि तीन वर्षांची इनाया, जी आजोबांच्या प्रत्येक मराठी प्रश्नाला खणखणीत इंग्रजीत उत्तर देते. आता बॉयलर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे साखर कारखाना आला होता. पण तिकडे म्हणे प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कपाटाएवढी पेटी असते. ती गॅसवर पाणी तापवते, ते पाणी घरभर नळ्यांतून फिरतं, खोलीखोलीत भिंतीला लावलेले लोखंडी रेडिएटर तापवतं, आणि नळालाही तिचंच गरम पाणी. ती पेटी बिघडली की घरात पाव्हणी म्हणून थंडी येते आणि जाता जात नाही.

रुबिनाने फोनवर आपलं सहज सांगितलं होतं. "अब्बा, बॉयलर इज डाइंग. विंटरच्या आधी बदलायला लागेल. आदिल बघतोय."

यातलं 'आदिल बघतोय' हे गफूरभाईंच्या कानापर्यंत पोचलंच नाही. "तू कशाला हात लावू नकोस," ते गरजले. "मी बसलोय ना!"

झालं. घरातली उष्णता बाहेर हाकलण्यात ज्याचा उभा जन्म गेला, तो माणूस आता ती घरात आणायला निघाला.

ऑगस्टचा महिना. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. एका दुपारी हलीमाभाभी भाजीची पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या. "अगो वहिनी, मला जरा आसरा दे. आमच्या घरात विलायत झालीये."

मी जाऊन बघते तो दिवाणखान्यात सोळावर एसी, आणि सोफ्यावर गफूरभाई. अंगात स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. मांडीवर लॅपटॉप. खाण्याची पार्सलं पोचवणारा माणूस नुकताच येऊन गेला होता. उन्हातून आलेला तो बिचारा दारातच हे दृश्य बघून भूत दिसल्यासारखा दोन पावलं मागे सरला, असं भाभी म्हणाल्या.

"गफूरभाई, हे काय?"

"लोड समजून घेतोय," नाकातून उत्तर आलं. सर्दी झालीच होती. "थंडी अंगात घुसते कुठून, ते बसल्याशिवाय कळत नाही. घोट्यापासून घुसते. लिहून घ्या."

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाले. रुबिनाने हातात फोन धरून घरभर फिरायचं आणि गफूरभाईंनी इथून हुकूम सोडायचे. "खिडकीला हात लाव. काच दुहेरी आहे? कडेने वारा येतो? मेणबत्ती धर. ज्योत हलली का?" रुबिनाची ऑफिसची मीटिंग चालू असली तर हे काम इनायाकडे यायचं. ती फोन उलटा धरून धावत सुटायची आणि भिंतीला गाल लावून रिपोर्ट द्यायची, "नाना, इट्स कोल्ड! नाना, इट्स व्हेरी कोल्ड! नाना, देअर इज अ स्पायडर!"

"स्पायडर सोड. रेडिएटर किती लांब आहे?"

"बिग!" इनाया सांगायची. गफूरभाई ते गंभीरपणे मान्य करायचे.

लिफ्टमध्ये तर आमची सुटकाच नव्हती. नवीन बॉयलर जुन्यापेक्षा गॅस कमी कसा खातो, ते त्यांनी मला तळमजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत समजावलं, आणि विषय संपला नाही म्हणून पुन्हा खाली नेलं. "जुन्याचं काय होतं, गॅस जळला, पाणी तापलं, उरलेली सगळी गरमी धुरातून बाहेर. पैसा धुरात. नवीन काय करतो? धूर बाहेर पडायच्या आधी त्याला धरतो, थंड करतो, त्याच्यातल्या वाफेचं पाणी करतो आणि तिची गरमी परत काढून घेतो."

"म्हणजे पाहुणा निघाला की दारात थांबवून, मागच्या वेळी दिलेले डबे परत मागायचे," मी म्हटलं.

गफूरभाई थबकले. लिफ्टचं दार उघडून पुन्हा मिटलं. "वहिनी," ते म्हणाले, "आज तुम्ही सव्वा टन."

याच काळात त्यांनी आम्हाला बॉयलरच्या दोन जाती शिकवल्या. एक कॉम्बी. ही एकच पेटी. नळ सोडला की त्या क्षणी पाणी तापवते, साठवत काही नाही. दुसऱ्या जातीला सोबत एक मोठी टाकी लागते, तिला ते सिलिंडर म्हणतात. ती गरम पाणी भरून ठेवते, एका वेळी दोन नळ चालले तरी कुरकुरत नाही. पण जागा खाते, आणि वापरा न वापरा, थोडी उष्णता वाया जातेच. गफूरभाईंनी तेव्हाच निकाल दिला होता. "एक बाथरूम, तीन माणसं. कॉम्बी. विषय खलास." आदिलचंही तेच मत होतं. सासरे-जावयांचं एकमत झाल्याचा आनंद हलीमाभाभींनी सांदणं करून साजरा केला.

मग मध्येच एक गोष्ट घडली. गफूरभाईंना कंपनीने बोलावून सांगितलं की वयाची साठी उलटली, आता यापुढे काँट्रॅक्ट वाढणार नाही. हा हिवाळा शेवटचा. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की सामान बांधायचं, मग तुम्ही काल आलेले असा की उभी हयात काढलेली असो. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि कोणालाच खरं वाटत नाही.

"मग पुढे?" इमारतीत जो तो विचारायचा.

"पुढे काय? ऐश!" गफूरभाई हात पसरायचे. "गावाला बंगला बांधलाय. खोलीखोलीत एसी. समोर हापूस. सकाळी उठायचं, कोळंबी आणायची. तुम्ही या आमच्याकडे, बघा तरी!" रुबिनालाही ते फोनवर हेच सांगायचे, आणि तीही कौतुकाने म्हणायची, "अब्बा, यू गाइज आर सो लकी. आम्ही इथे फ्रीझ होतोय आणि तुम्ही आंबे खाणार!"

खरी गोष्ट मला हलीमाभाभींनी ओट्यापाशी सांगितली, लसूण सोलता सोलता.

"बंगला आहे गो, खोटं नाही. पण आमच्या वाडीत सगळेच बंगले. एक कुवेतवाल्याचा, एक दोहावाल्याचा, एक आमचा. सगळ्यांना कुलपं. ईदला दोन दिवस दिवे लागतात. आम्ही दोघं तिथे बोलायचं कोणाशी, एसीशी?"

"मग रुबिनाकडे जा ना थोडे महिने. व्हिजिटवर."

"मी म्हटलं. तर म्हणतात, मुलीच्या घरी बोलावल्याशिवाय जायचं नाही. जावयाचं घर ते. आणि मागून बोलावणं घ्यायचं, ते तर नाहीच नाही. मी म्हटलं, अहो, तिला कळणार कसं? तुम्ही रोज आंबे, आंबे करता. तिला वाटतं आमचं मजेत चाललंय." भाभींनी लसणीची सालं फुंकून उडवली. "तिकडे ती विचारत नाही, इकडे हे सांगत नाहीत. आणि मधे तो मेला बॉयलर."

आणि नेमकं त्याच आठवड्यात गफूरभाई फिरले.

"कॉम्बी नको," त्यांनी आमच्या घरी येऊन जाहीर केलं. या वेळी एसीला हातही लावला नाही. "सिलिंडर पाहिजे. साठा पाहिजे घरात."

आमच्या यजमानांचा थर्मोस्टॅट लगेच अडकला. "गफूरभाई, तीन माणसं. तुम्हीच म्हणाला होतात."

"तिकडची थंडी तुम्हाला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मी सोळावर बसलोय!"

"पण जरुरीपेक्षा मोठं मशीन म्हणजे…"

"ते थंड करायला! गरम करायचं सायन्स वेगळं असतं!" असं म्हणून ते चहा न घेता निघून गेले. गफूरभाईंनी चहा टाकला, तेव्हाच आम्ही ओळखलं की प्रकरण साधं नाही.

आदिलने फोनवर नम्रपणे हरकत घेतली, सिलिंडरसाठी जिन्याखालचं कपाट तोडावं लागेल म्हणाला. "तोडा," इकडून उत्तर गेलं. रुबिना वैतागली. शेवटी तिने एका शनिवारी तिथल्या बॉयलरवाल्या इंजिनियरला घरीच बोलावलं. तो सांगेल ते फायनल. थंडी सुरू झाली होती, आणि जुना बॉयलर सकाळी एकदा चालू झाला की दुपारपर्यंत पुन्हा चालू होईल की नाही, याचा भरवसा उरला नव्हता.

गफूरभाईंनी मला दुभाषी नेमलं. तिकडचं इंग्रजी ते लोक गिळून बोलतात, आणि आमचा पाऊण टनी मॅनेजर त्याच भागातला असल्यामुळे मला त्याची सवय होती. "रुबिना आहे ना तिथे," मी म्हटलं. "ती मधलं मधलं खाते," गफूरभाई म्हणाले. "मला दुखेल असं वाटलं की खाऊन टाकते. तुम्ही खाणार नाही." मी खात नाही हे खरं. मी वाढते. पण ते त्यांना कशाला सांगा.

दिवाणखान्यात मांडणी एखाद्या लग्नाच्या बोलणीसारखी होती. मध्ये लॅपटॉप, समोर इस्त्रीचा शर्ट घातलेले गफूरभाई, उजवीकडे मी, डावीकडे डोक्यावरून ओढणी घेतलेल्या हलीमाभाभी. पडद्यावर रुबिनाचं स्वयंपाकघर. इंजिनियर धिप्पाड, लाल गालांचा. नाव सांगितलं त्याने, पण गफूरभाई त्याला शेवटपर्यंत 'मिस्टर बॉयलर'च म्हणत होते.

"ऑलराइट, लव्ह?" त्याने मला विचारलं.

गफूरभाई ताठ झाले. "वहिनींना काय म्हणाला हा?"

"तिकडे सगळ्यांना म्हणतात. आपल्याकडच्या 'ताई'सारखं."

"मग मला का नाही म्हणाला?"

मिस्टर बॉयलरने पेटीचं झाकण काढलं, आत डोकावलं आणि दातांतून हवा आत ओढली. हा आवाज जगभरच्या मेकॅनिकांचा एकच असतो. त्याला दुभाषी लागत नाही. "महाग सांगणार," गफूरभाई पुटपुटले. आदिल त्याला बॅटरी धरून उभा होता, इनाया त्याच्या पायाला मिठी मारून.

तो काही बाही विचारत गेला, मी सांगत गेले. तो होकारादाखल नुसता "आय" म्हणाला की मी म्हणायची, "म्हणतोय, तुमचा अनुभव दांडगा दिसतो." गफूरभाई खुलत होते. रुबिना कॅमेऱ्याआड हसत होती. एकूण मैफल रंगली होती. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, "हाउ मेनी ऑफ यू इन द हाउस?"

हे भाषांतराशिवाय कळण्यासारखं होतं. रुबिना तोंड उघडणार, तोच शारजातून तोफ सुटली.

"फाइव!"

तिकडे पेन्सिल थांबली.

"अब्बा," रुबिना हसत म्हणाली, "आम्ही तीन. थ्री."

"फाइव," गफूरभाई म्हणाले.

इंजिनियरने रुबिनाकडे पाहिलं, आदिलकडे पाहिलं, खाली इनायाकडे पाहिलं. मग टेबलाखाली वाकून बघण्याचं नाटक करत काहीतरी म्हणाला. इनाया खिदळली.

"काय म्हणाला?" गफूरभाईंनी विचारलं.

माझ्याकडे वाढण्यासारखं काही नव्हतं. "म्हणतोय, बाकीचे दोन कुठे लपवलेत?"

हलीमाभाभी ओढणीच्या काठावरची नसलेली गाठ सोडवायला लागल्या. गफूरभाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घसा साफ केला. "सेफ्टी मार्जिन," ते म्हणाले. "डिझाइनमध्ये धरतात. सगळे इंजिनियर धरतात." मग आवाज खाली आला. "सांगा त्याला, थ्री. मिस्टेक झाली. कॉम्बी बसवायला सांगा. छोटा. वहिनी, सांगा ना."

मी तोंड उघडलं, पण पडद्यावर चित्र हललं. रुबिनाने फोन कुठेतरी ठेवला होता आणि आता फक्त छत दिसत होतं, त्यावरचा एक दिवा. आवाज येत होते. खुर्ची सरकली. कोणीतरी नाक ओढलं. हलक्या आवाजात आदिल काहीतरी बोलला, मग रुबिना. आणि मग ती इंजिनियरशी बोलली, इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.

गफूरभाई पडद्यावरच्या छताकडे बघत होते. "काय म्हणाली?"

इतकं इंग्रजी त्यांना येतं. या देशात त्यांनी शेखांशी, फिलिपिनो साहेबांशी, आणि मुनसिपालिटीशी इंग्रजीत भांडणं केली आहेत. तरी त्यांनी विचारलं.

"म्हणाली, पाच. आम्ही तिघं, आणि माझे आईवडील."

"आणि तो? आदिल मागून काहीतरी बोलला."

"म्हणाला, मागच्या खोलीचा रेडिएटर नीट तापत नाही, तोही आजच बघून घ्या. ती खोली लागणार आहे."

गफूरभाईंनी चष्मा काढला. स्वेटर नव्हता, शाल नव्हती, तेव्हा शर्टाच्या बाहीनेच तो पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. हलीमाभाभींनी पुढे होऊन लॅपटॉपच्या पडद्यावर, त्या छतावर, बोटं टेकवली, जणू पलीकडे तापलेलं आहे की नाही ते बघताहेत.

तिकडे मिस्टर बॉयलरचा मात्र धंदा चालू होता. तो म्हणत होता, पाच माणसं असली तरी हरकत नाही, घर लहान आहे, टाकी नको, कपाटही तोडू नका. कॉम्बीतलं पाणी संपत नाही. फक्त दोन नळ एकदम सोडायचे नाहीत. अंघोळी एकामागून एक करा. कोणीतरी थांबायला पाहिजे, एवढंच.

मी हे सगळं मराठीत सांगायला लागले, पण पहिल्या वाक्यातच गफूरभाईंनी मला हाताने थांबवलं आणि चष्म्याशिवायच पडद्याकडे वाकले.

"मिस्टर बॉयलर," ते म्हणाले. "आय विल वेट. नो प्रॉब्लेम. एव्हरीबडी फर्स्ट. आय ॲम लास्ट."

"हां, तर तर," हलीमाभाभींचा आवाज परत आला. "एकदा आत गेले की तासभर बाहेर येत नाहीत, आणि म्हणे लास्ट. रुबी, यांना शेवटीच ठेव गो, नाहीतर तुम्ही सगळे ऑफिसला पारोसे जाल!" तिकडे छताखाली कोणीतरी हसलं, आणि कोण रडलं ते दिसलं नाही. इनाया विचारत होती, "इज नाना कमिंग? इज नाना कमिंग टुडे?"

मी उठले. अशा वेळी दुभाष्याने उठायचं असतं. गफूरभाई दारापर्यंत सोडायला आले. मला खोडी काढल्याशिवाय राहवेना.

"मग गफूरभाई, मॉडेल कुठलं ठरलं? वॉरंटी किती वर्षांची? महिनोन्‌महिने आमचं डोकं खाल्लंत, आता सांगा तरी."

"खरंच की," ते म्हणाले. "विचारायचंच राहिलं."

"लावा फोन परत."

"लावतो, लावतो." पण ते जागचे हलले नाहीत. त्यांनी मागे वळून पाहिलं. हलीमाभाभी फोनवर इनायाशी बोलण्यात गढल्या होत्या. मग ते अर्धं पाऊल पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, ते मागच्या खोलीचं. जावई नक्की काय म्हणाला? परत एकदा सांगा. जसंच्या तसं."

मी दोन्ही दारांच्या मध्ये उभी राहून परत सांगितलं. जसंच्या तसं. एक शब्द वाढवला नाही.